तीन मिलिमीटर

पुणे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत जवानाने माझ्या बॅगेतून पितळी वजन बाहेर काढलं, तळहातावर जरा तोललं आणि विचारलं, "मॅडम, ये तराजू का है?" मी भाबडेपणाने खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, याने पिस्तुलाचा ट्रिगर मोजतात. विमानतळावर 'पिस्तूल' हा शब्द उच्चारायचा नसतो हे शहाणपण मला पुढच्या पंधरा मिनिटांत आलं. संयोजकांचं पत्र, बँकेचं ओळखपत्र, पंच म्हणून मिळालेलं कार्ड असं सगळं दाखवून झालं, मग वजन परत मिळालं. पाचशे ग्रॅम. रद्दीवाल्याकडे असतं तसलंच, फक्त वर एक आकडा.

फेब्रुवारी २०१६. गुवाहाटी आणि शिलाँगला बारावे दक्षिण आशियाई खेळ होते, ५ ते १६ तारखेपर्यंत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव, अफगाणिस्तान असे आठ देश. मला नेमबाजीच्या उपकरण तपासणीसाठी बोलावणं आलं होतं. मी एनसीसीतून आलेली. .२२ रायफल, पोटावर झोपून, समोर कागदी टार्गेट, एवढीच माझी नेमबाजी. राज्य पातळीच्या पुढे कधी गेले नाही. नोकरी लागली, लग्न झालं, रायफल सुटली, पण रेंजचा वास काही सुटेना. म्हणून पंचाची परीक्षा दिली आणि शनिवार-रविवार बालेवाडीला स्पर्धांत उभी राहू लागले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नीट चौकशी केली.

"म्हणजे तू नेम धरणार नाहीस?"

"नाही."

"मग?"

"खेळाडूंची जॅकेटं, पँटी, बूट, बंदुका तपासायच्या. नियमात बसतात का बघायचं."

"म्हणजे धोब्याचं काम," त्या म्हणाल्या आणि पोळी उलटली.

त्या अगदीच चुकीचं बोलल्या नव्हत्या.

आमची स्पर्धा होती ती काहिलीपाडाची रेंज २००७ साली गुवाहाटीला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हाची, जशी आपली बालेवाडी १९९४च्या स्पर्धांची देणगी. आजूबाजूला टेकड्या, हवेत धुकट ओल, आणि जागोजागी बंदोबस्त. पुण्याच्या माणसाला तिथलं घड्याळ दोन दिवस कळत नाही. सकाळी सहाला उजाडलेलं आणि संध्याकाळी पाचला दिवेलागण. आम्ही सातला टेबलावर असायचो. हाताखाली कॉलेजची स्वयंसेवक मुलं होती, ती मला 'बाइदेउ' म्हणायची, म्हणजे ताई. बिनदुधाचा लाल चहा पहिल्या दिवशी नको वाटला. तिसऱ्या दिवशी मी मागून घेत होते.

आता हे तपासणीचं काम काय असतं ते सांगते, कारण टीव्हीवर ते कधीच दिसत नाही. रायफल नेमबाजाला तुम्ही पाहिलं असेल. ताठ, जाडजूड, पेंग्विनसारखं चालणारं ध्यान. तो पोशाख कॅनव्हास आणि चामड्याचा असतो. उभं राहून नेम धरताना पाठीला आणि कंबरेला आधार मिळावा म्हणून. पण आधार किती मिळावा याला मर्यादा हवी, नाहीतर जॅकेटच माणसाला उभं धरेल आणि मग पदक शिंप्याला द्यावं लागेल. म्हणून मोजमाप. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको. बटणं लावल्यावर पुढचा भाग किमान सात सेंटिमीटर एकावर एक ओढता आला पाहिजे, म्हणजे जॅकेट सैल आहे. बुटाचा तळवा ठरावीक जोर लावल्यावर साडेबावीस अंश वाकला पाहिजे. एअर रायफलचं वजन साडेपाच किलोच्या आत. हवेच्या नळकांड्यावर तारीख छापलेली असते. ते बनवल्यापासून दहा वर्षांच्या वर झालेलं असेल तर वापरायचं नाही. ही तारीख बघायला खेळाडू हमखास विसरतात. घरच्या गॅसच्या नळीची तरी आपण कुठे बघतो!

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ताठपणा. त्यासाठी एक यंत्र असतं. जॅकेटचा कापडी भाग सपाट पसरायचा, वरून एक किलोचा भार सोडायचा आणि कापड खाली किती दबतं ते बघायचं. तीन मिलिमीटर दबलं पाहिजे. २.९ आलं की नापास. पाठ, बाह्या, पोट, जिथे सपाट जागा मिळेल तिथे मोजायचं. बघायला सोपं आहे. पण समोर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची नजर त्या आकड्यावर खिळलेली असते आणि आकडा २.९ की ३.० यावर त्याची दोन वर्षं टांगलेली असतात. मी बँकेत कर्जाच्या अर्जांवर बसते. तिथेही लोक असेच बघतात.

पहिल्या सकाळी धडाधड जॅकेटं नापास होऊ लागली. तीन, चार, पाच. मला घाम फुटला. यंत्रच बिघडलं की काय? शून्य पुन्हा लावलं, भार पुन्हा तपासला. मुंबईहून आलेले आमचे मुख्य पंच, वयाने आणि अनुभवाने मोठे, शांतपणे येऊन उभे राहिले. "यंत्र बरोबर आहे. रात्रभर ही जॅकेटं कुठे होती?" बसच्या पोटात होती. गारठलेलं कॅनव्हास पापडासारखं कडक होतं. खेळाडूंना सांगितलं, आधी उन्हात ठेवा, मग आणा. तासाभरात निम्मी पास झाली. स्पर्धेपूर्वी नापास झालेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा दाखवता येते, ही त्यातली दया.

त्याच रांगेत एका शेजारी देशाची मुलगी होती. देशाचं नाव सांगत नाही. तिचं जॅकेट तिचं नव्हतंच, संघातल्या थोरल्या मुलीचं होतं. ती थोरली आता बहुतेक खेळत नसावी. बटणं हलवलेली, काखेत शिवण उसवून पुन्हा घातलेली. ओढून बघितलं तर सहा सेंटिमीटर. ताठपणा २.८. दोन्हीकडे नापास. ती रडली नाही, भांडली नाही, नुसती "ओके मॅम" म्हणाली आणि घडी घालायला लागली. त्या जॅकेटची घडी पडत नाही, ते गुंडाळावं लागतं, आणि तिला गुंडाळता येईना.

माझ्या शेजारच्या टेबलावर कोल्हापूरचे एक पंच होते. त्यांनी तिला थांबवलं. मोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटा, इसको आटा समझो." आणि स्वतःच्या हाताने दाखवलं. पाठीवरचं कापड मुठीत धरायचं, चोळायचं, उलट दुमडायचं, पुन्हा चोळायचं. भाकरीचं पीठ मळतात तसं. "और बटन यहाँ." कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली. तिकडच्या माणसाला नेमबाजीतलं सगळं येतं आणि तो ते सगळ्यांना सांगत सुटतो. ती मुलगी आणि तिची मैत्रीण रेंजमागच्या उन्हात बसून दोन तास ते जॅकेट मळत होत्या. दुपारी परत आली तेव्हा ३.१. ओढून सात सेंटिमीटर काठावर. मी सील लावलं. ती कितवी आली ते मी मुद्दाम पाहिलं नाही. माझ्या कामात तेवढं पथ्य बरं असतं.

पण पाहिलं नाही म्हणून कळत नाही असं थोडंच आहे. इतके दिवस इतक्या देशांचं सामान हातातून गेलं की पदकतालिका कशी लागणार ते तुम्हाला फायरिंगच्या आधीच कळतं. आपला संघ पूर्ण ताकदीने आला होता. रिओ ऑलिंपिक सहा महिन्यांवर होतं. लंडनला २०१२ साली ब्राँझ मिळवलेला गगन नारंग होता, आणि तोही रांगेत बाकीच्यांसारखाच. आपल्या मुलांची जॅकेटं अंगाला बेतून शिवलेली, रायफलींना स्वतंत्र पेट्या, प्रत्येक वस्तूचं टिपण. त्यांना माझं टेबल ही नेहमीची पायरी होती, बसचं तिकीट दाखवावं तशी. चांगल्या पोशाखाची किंमत माझ्या दोन-तीन पगारांना भिडते. रायफलीची तर बोलायलाच नको. समोरच्या काही संघांत एकाच रायफलीवर दोघं खेळत होते. बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, आणि गालाची पट्टी दर वेळी आपापल्या मापाला लावायची. नेमबाजीतल्या २६ सुवर्णांपैकी भारताने २५ घेतली. वर्तमानपत्रांत 'निर्विवाद वर्चस्व' छापून आलं असणार. मुलांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण ते वर्चस्व मी किलो-ग्रॅममध्ये मोजलेलं आहे. मला 'निर्विवाद' हा शब्द पचत नाही, एवढंच.

माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान पाचशे ग्रॅमचा जोर लागायला हवा. पिस्तूल उभं धरायचं, नळी वर, वजन ट्रिगरला अडकवायचं आणि सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. मी एकदा, दोनदा उचललं, दोन्हीदा 'टक्'. खेळाडू म्हणाला, "मॅडम, आप झटका दे रही हैं." मला राग आला. पंचाला शिकवतो! पण मागून मुख्य पंचांचा आवाज आला, "अहो, तो बरोबर बोलतोय. तुमचं मनगट बघा." दिवसभर वजनं उचलून माझं मनगट शेवटी हिसका देत होतं, मला कळतही नव्हतं. तिसरा आणि अखेरचा प्रयत्न त्यांनी स्वतः केला. वजन संथपणे वर आलं, जमिनीपासून सुटलं, ट्रिगर जागचा हलला नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. तो हसला आणि जाताना म्हणाला, "हमारे साथ भी यही होता है, मैडम. आख़िरी शॉट में." त्या संध्याकाळी मी खोलीवर पाण्याची बाटली घेऊन मनगटाचा सराव केला.

याहून कठीण असते स्पर्धेनंतरची तपासणी. चिठ्ठी टाकून नावं निघतात. फायरिंग संपलं की तो नेमबाज थेट रेंजवरून माझ्याकडे आणायचा, वाटेत त्याने कशालाही हात लावायचा नाही, कोणाशी काही देवघेव नाही. इथे दुरुस्ती नाही, दुसरी संधी नाही. नापास म्हणजे स्पर्धेतून बाद, केलेला स्कोअर पुसला. एक मुलगा आला, घामाने निथळलेला, नुकताच फायनलसाठी पात्र ठरलेला. पाठ ३.२. उजवी बाही ३.१. डावी बाही... काटा उतरत उतरत आला आणि ३.०वर थांबला. माझी स्वयंसेविका श्वास रोखून उभी. मी एक मिनिट तशीच थांबले, काटा हलतोय का बघत. थांबायला नको होतं खरं तर, पण थांबले. मग आकडा लिहिला, सही केली. तो मुलगा खुर्चीत मटकन बसला आणि त्याने पाणी मागितलं. फायनलपेक्षा इथे जास्त भीती वाटली, म्हणाला.

पिस्तूलवाल्यांच्या दिवशी आमच्याकडे सुट्टीसारखं वातावरण असायचं. पिस्तूल नेमबाजाला जॅकेट नाही, जाड पँट नाही. टी-शर्ट, साधी पँट, घोट्याखालचे बूट, डोक्याला पट्टी आणि एक हात खिशात. पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसतं का बघायचं, वजन दीड किलोच्या आत आहे का, ट्रिगर, संपलं. पन्नास मीटर पिस्तुलाला तर ट्रिगरचंही बंधन नव्हतं. विमानतळावर एवढा तमाशा करून आणलेलं माझं वजन त्या दिवशी कोपऱ्यात बसून होतं. त्या पिस्तुलाचा ट्रिगर इतका हलका ठेवतात की नुसता श्वास लागला तरी सुटेल असं वाटतं. मूठ मात्र बघायची. लाकडी मूठ हाताला चारी बाजूंनी कवटाळते, हातमोजाच जणू. पण मनगट मोकळं हवं, मुठीने मनगटाला आधार दिलेला चालत नाही. मला ते फार आवडायचं. सगळं जग या खेळात आधार शोधतंय आणि इथे नियम सांगतो, मनगट तुझं तू सांभाळ.

पन्नास मीटर म्हणजे बरंच लांब. एका हाताने, बिनभिंगाच्या उघड्या साइटमधून, दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं. तेव्हा पात्रता फेरीत दीड तासात साठ गोळ्या असायच्या. मग आठ जणांची फायनल, सगळ्यांचे गुण शून्यावर. आठ गोळ्यांनंतर दर दोन गोळ्यांमागे एक जण बाहेर, आणि शेवटी विसाव्या गोळीला दोघंच उरायचे.

माझं टेबल फायनल हॉलच्या मागच्या खोलीत होतं, त्यामुळे मी फायनल पाहत नसे, ऐकत असे. 'लोड', 'स्टार्ट', मग शांतता, आठ आवाज, मग लोकांचा गलका. गलक्यावरून आपला माणूस पुढे आहे की मागे ते कळायचं. त्या दिवशी गलका वेगळाच होता. आधी मोठा, मग चुकचुक, मग पुन्हा मोठा. शेवटच्या गोळीनंतर क्षणभर काहीच आवाज नाही आणि मग एका कोपऱ्यातून, अगदी थोड्या गळ्यांतून, जिवाच्या आकांताने ओरडणं.

बांगलादेशचा शकील अहमद जिंकला होता. २६मधलं ते एक सोनं.

तोवर त्या इमारतीत 'जन गण मन' इतक्यांदा वाजलं होतं की स्वयंसेवक मुलं सवयीने उभी राहायची, हातातला चहा खाली ठेवून, वाजून झालं की उचलून. त्या दिवशी भिंतीपलीकडून वेगळी धून आली. संथ, लोकगीताच्या चालीची. बांगलादेशचं राष्ट्रगीतही रवींद्रनाथांचंच, हे शाळेत सामान्यज्ञानात पाठ केलं होतं. ऐकलं पहिल्यांदा. आम्ही उभे राहिलो. माझ्या शेजारची सिलचरची मुलगी हळूच गुणगुणत होती. तिच्या घरी बंगालीच बोलतात. गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, "अगं, गा की. आवाज छान आहे."

रायफलीत जिथे जॅकेट, बूट, हातमोजे, सगळ्याला किंमत आहे तिथे शेजाऱ्यांना एकही सोनं नाही, आणि जे एक मिळालं ते टी-शर्ट घालून. हा योगायोगही असेल. शकील चांगला नेमबाज होता, एवढंही कारण पुरे. पण त्या रात्री जेवताना कोल्हापूरच्या पंचांनी आणि मी यावर बराच काथ्याकूट केला. ते म्हणाले, "पिस्तुलालाही पैसे लागतात हो. गोळ्या काय फुकट येतात?" तेही बरोबर. पन्नास मीटरला .२२च्या गोळ्या, आणि त्या आयात होतात. सराव म्हणजे दर दिवशी काडतुसांचा खर्च. मग आमचं भांडण भातावर गेलं. तिथला जोहा तांदूळ चांगला की आमचा आंबेमोहोर.

निघताना सगळ्या पंचांच्या गळ्यात गामोसा घातला, पांढरा, लाल किनारीचा. गुवाहाटीच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि अर्थातच थांबली. जवानाने वजन बाहेर काढलं. या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, "भैया, तराजू का है." त्याने ते परत आत ठेवलं.

दोन वर्षांनी, एप्रिल २०१८मध्ये, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पन्नास मीटर पिस्तुलाची फायनल झाली. तोवर ऑलिंपिकमधून हा प्रकार काढून टाकल्याचं जाहीर झालेलं होतं. संध्याकाळी मी फोनवर पदक समारंभाची क्लिप बघत होते. सोनं ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल रेपाचोलीला, रौप्य शकील अहमदला, ब्राँझ आपल्या ओम मिथरवालला. मी ओरडलेच. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"कोण जिंकलं? आपला?"

"आपला तिसरा. दुसरा आला ना, तो बांगलादेशचा. मी गुवाहाटीला होते तेव्हा हाच जिंकला होता."

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन जवळ घेतली. "मग याचे कपडे तू तपासले होतेस?"

"नाही हो. पिस्तूलवाल्यांना कपडे नसतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"जॅकेट," मी म्हटलं. "जॅकेट नसतं, असं म्हणायचंय."